लॅपटॉप सुरू होत नाही : फॉरमॅट मारण्याआधी काय काय तपासावे

‘लॅपटॉप चालू होत नाही’ या एका वाक्यात किमान चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. बटण दाबूनही एकही दिवा लागत नाही, हा पहिला. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, हा दुसरा. कंपनीचे चिन्ह दिसते आणि त्यापुढे बूट डिव्हाइस (विंडोज जिच्यातून सुरू होते ती डिस्क) सापडत नसल्याचा संदेश देऊन यंत्र थांबते, हा तिसरा. आणि विंडोज उघडू लागते, पण गोल फिरणारे ठिपके संपतच नाहीत किंवा यंत्र आपोआप पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहते, हा चौथा. पहिल्या दोन प्रकारांत यंत्र विंडोजपर्यंत पोहोचलेलेच नसते, त्यामुळे फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून नवे विंडोज टाकून, तिथे काहीही साध्य होत नाही. चौथ्या प्रकारात बहुतेक वेळा सुटे भाग ठणठणीत असतात आणि फॉरमॅट न मारताही काम होते. तरीही दुकानात गेल्यावर चारही प्रकारांना एकच उत्तर मिळण्याची शक्यता मोठी असते, आणि त्या उत्तरात आपले फोटो, हिशेबाच्या फायली, मुलांचे प्रकल्प पुसले जातात. म्हणून पुढचा सगळा क्रम दोन गोष्टींवर बेतलेला आहे : यंत्र नेमके कुठे अडते ते आधी ओळखायचे, आणि आतली माहिती सुरक्षित झाल्याशिवाय पुसणारे कोणतेही पाऊल उचलायचे नाही. लेख विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपपुरता आहे.

बटण दाबण्याआधी : ओल आणि फुगलेली बॅटरी

जून ते सप्टेंबर या काळात ठाणे आणि नवी मुंबईतल्या लॅपटॉपचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. रबाळे किंवा घणसोली स्थानकावर पावसात उभे राहिलेल्या माणसाची बॅग बाहेरून कोरडी वाटली तरी चेनच्या शिलाईतून पाणी आत झिरपलेले असते. दुसरा प्रकार कमी लोकांच्या लक्षात येतो. दिवसभर वातानुकूलित कार्यालयात थंड झालेला लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत आणून लगेच उघडला, तर त्याच्या गार पृष्ठभागावर, क्वचित आतही, दव धरते. अशा वेळी तो बॅगेतच अर्धा-पाऊण तास राहू द्यावा, म्हणजे त्याचे तापमान हळूहळू बाहेरच्या हवेइतके होते.

पाणी किंवा चहा प्रत्यक्ष आत गेल्याची शंका असेल, तर ‘चालू होतो का पाहू’ हा मोह कटाक्षाने टाळावा. नुसत्या पाण्यापेक्षा पाण्यातून वाहणारा विद्युतप्रवाह आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचे अधिक नुकसान करतो. चार्जर काढावा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून यंत्र पूर्ण बंद करावे, बॅटरी बाहेरून निघण्यासारखी असेल तर काढावी, आणि कळफलक खाली येईल अशा रीतीने यंत्र उलटे करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे. तांदळाच्या डब्यात लॅपटॉप ठेवल्याने आतली ओल शोषली जात नाही, उलट तांदळाची भुकटी पोर्टमध्ये जाऊन बसते. हेअर ड्रायरच्या गरम झोतानेही पाणी आणखी आत ढकलले जाते. चहा, सरबत किंवा खारे पाणी असेल तर वाळल्यावरही साखर आणि क्षार बोर्डावर राहतात आणि पुढचे कित्येक दिवस तांबे खात राहतात. तिथे यंत्र उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन घेण्याला पर्याय नाही, आणि ते काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे.

दुसरी खबरदारी बॅटरीची. टचपॅड वर उचलला गेला असेल, तळाचे झाकण फुगलेले वाटत असेल, किंवा लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि तिला अणकुचीदार वस्तू लागू देऊ नये. ती बदलेपर्यंत पुढची कोणतीही चाचणी करू नये.

एकही दिवा लागत नसेल तर

सुरुवात भिंतीपासून करावी. त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून वीज येते का ते पाहावे आणि एक्स्टेंशन बोर्ड मधून काढून चार्जर थेट भिंतीला लावावा. वीज जाऊन आल्याच्या क्षणी दाब वरखाली होऊन चार्जर जातो, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे, आणि चार्जर जाणे हे बोर्ड जाण्यापेक्षा फार स्वस्त असते, म्हणून त्याची खातरजमा आधी व्हायला हवी.

चार्जरच्या विटेसारख्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत आउटपुट छापलेले असते. गोल पिनेच्या चार्जरवर बहुधा १९, १९.५ किंवा २० व्होल्ट आणि त्यापुढे अँपिअर लिहिलेले असतात, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. शेजाऱ्याचा चार्जर लावून पाहणे ही उत्तम चाचणी आहे, पण व्होल्ट तेवढेच असावेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत आणि पिनही तीच असावी. डेल आणि एचपीच्या अनेक चार्जरमध्ये पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते आणि तिच्यातून चार्जरची ओळख लॅपटॉपला कळते. ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि काही दिवसांनी बॅटरी संपल्यावर ‘अचानक बंद पडला’ अशी तक्रार येते.

टाइप-सीने चार्ज होणाऱ्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी आहे. मोबाइलचा १८ किंवा २० वॅटचा चार्जर त्या पोर्टमध्ये बसतो खरा, पण ४५ किंवा ६५ वॅट मागणाऱ्या यंत्राला तो पुरत नाही, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी असेल तर यंत्र डोळाही उघडत नाही. केबलही तपासावी, कारण सगळ्या टाइप-सी केबल तेवढी वीज वाहून नेऊ शकत नाहीत. मोबाइलचा टॉर्च लावून पोर्टच्या आत पाहावे. बॅगेतल्या कापडाचे तंतू आणि धूळ दाबली जाऊन तळाशी करड्या रंगाची गादी तयार झालेली अनेकदा दिसते, त्यामुळे केबल पूर्ण आत जात नाही आणि किंचित हलवली की चार्जिंग तुटते. यंत्र बंद असताना लाकडी किंवा प्लास्टिकच्या टूथपिकने ती गादी हळुवारपणे बाहेर ओढावी. धातूची टाचणी आत घालू नये, कारण मधल्या पट्टीवरचे संपर्क अतिशय नाजूक असतात.

चार्जर चांगला असूनही दिवा लागत नसेल, तर आत साचलेला विद्युतभार काढून टाकण्याची कृती करावी. चार्जर, माउस, पेनड्राइव्ह, एचडीएमआय केबल असे सगळे काढावे, बॅटरी निघत असेल तर काढावी आणि पॉवरचे बटण सलग तीस सेकंद दाबून धरावे. मग बॅटरी जागेवर बसवून, फक्त चार्जर लावून, अर्धा तास तसेच ठेवावे आणि नंतर बटण एकदाच, नेहमीसारखे दाबावे. काही लेनोवो मॉडेलच्या तळाशी टाचणी जाईल एवढे भोक असते. त्याच्या आत रीसेटचे बटण असते आणि तेही हेच काम करते. यंत्रातले नियंत्रक सर्किट एखाद्या चुकीच्या अवस्थेत अडकलेले असते आणि वीज पूर्ण तुटल्यावरच ते मूळ अवस्थेत येते, म्हणून इतका साधा उपाय लागू पडतो. एवढ्यानेही काही झाले नाही, तर प्रश्न डीसी जॅकचा (चार्जरची पिन जिथे बसते त्या भागाचा) किंवा बोर्डावरच्या वीजपुरवठ्याच्या भागाचा आहे असे समजावे आणि घरातली तपासणी इथे थांबवावी.

दिवा आहे, पंखा आहे, डिस्प्ले नाही

खोलीत अंधार करून टॉर्चचा प्रकाश पडद्यावर तिरका टाकावा. चित्र पुसट दिसत असेल तर लॅपटॉप चालू आहे आणि फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. काहीच दिसत नसेल तर एचडीएमआय केबलने तो घरातल्या टीव्हीला जोडावा आणि विंडोजचे बटण व ‘पी’ एकत्र दाबून पाहावे. टीव्हीवर चित्र आले तर बिघाड पडद्याचा किंवा बिजागरातून जाणाऱ्या केबलचा आहे आणि आतली माहिती सुरक्षित आहे. ती त्याच दिवशी बाह्य हार्ड डिस्कवर काढून ठेवावी. विंडोज चालू असल्याचे आवाज येतात पण पडदा काळा आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणे एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचे चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो आणि कधी कधी तेवढ्यानेच काम भागते.

टीव्हीवरही काही येत नसेल, तर दिव्यांकडे आणि आवाजाकडे लक्ष द्यावे. बऱ्याच एचपी लॅपटॉपमध्ये कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, डेलमध्ये बॅटरीचा दिवा केशरी आणि पांढरा असा आळीपाळीने लागतो, तर काही यंत्रे बीप वाजवतात. हे संकेत यंत्राने स्वतःची तपासणी करून दिलेले निदान असते. मोबाइलवर त्याची चित्रफीत काढून ठेवावी आणि कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ पाहावा. दुकानदाराला ‘तीनदा केशरी, मग दोनदा पांढरा’ असे नेमके सांगता आले, तर निदान अंदाजाने होत नाही.

या अवस्थेत सर्वाधिक वेळा निघणारे कारण म्हणजे रॅम (यंत्राची तात्पुरती स्मृती). कोपरी, ऐरोली, वाशी अशा खाडीलगतच्या भागांत दमट हवेत कप्प्यातले संपर्क मळतात आणि रॅमचा जोड कच्चा होतो. वॉरंटी संपलेली असेल आणि तळाचे झाकण साध्या स्क्रूने उघडणारे असेल, तर ही दुरुस्ती घरी होऊ शकते. चार्जर काढून, आत दिसणाऱ्या बॅटरीची केबल सोडवून, नळासारख्या एखाद्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर सरकवल्या की पट्टी आपोआप तिरकी वर उठते. तिचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच एका दिशेने पुसावेत, खोडरबराची कणी झटकावी, आणि पट्टी तिरकी आत सरकवून दोन्ही चिमट्यांचा टक असा आवाज येईपर्यंत खाली दाबावी. दात किंचितही बाहेर दिसत असतील तर ती पूर्ण बसलेली नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावे, त्यातून खराब कोणती ते कळते. डीडीआर-५ रॅमच्या लॅपटॉपमध्ये पट्टी काढून लावल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण यंत्र त्या रॅमशी जुळवून घेत असते. तेवढा वेळ द्यावा, घाईने बटण दाबून ते तोडू नये. अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते, तिथे हा मार्गच नाही.

चिन्ह दिसते, पण बूट डिव्हाइस सापडत नाही

आधी पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढून पाहावे, कारण यंत्र त्यातून सुरू होण्याचा प्रयत्न करत असू शकते. नंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरावे. डेल, एसर आणि असूसमध्ये बहुधा एफ-२, एचपीमध्ये एफ-१० आणि लेनोवोमध्ये एफ-१ किंवा एफ-२ हे बटण चालू करताक्षणी टिचकत राहावे लागते. तिथे डिस्कचे नाव दिसते का, एवढाच प्रश्न आहे. नाव दिसत असेल तर डिस्क जिवंत आहे आणि बिघडली आहे ती विंडोजची सुरुवात करून देणारी व्यवस्था. दिसत नसेल तर एसएसडी (नव्या लॅपटॉपमधली, फिरणारे भाग नसलेली डिस्क) सैल झाली आहे किंवा गेली आहे. बायोसमधली तारीख आणि वेळ भलतीच मागे गेली असेल, तर बोर्डावरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला आहे आणि त्यामुळे बायोसच्या नोंदी पुसल्या गेल्या असू शकतात. बायोसमध्ये पाहणे निर्धोक असते. मात्र डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली आहे त्याची नोंद किंवा सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) यांना उगाच हात लावू नये, कारण पहिल्या बदलाने चांगले विंडोजही उघडेनासे होते आणि दुसऱ्याने पुढे सांगितलेली बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची) अडचण उभी राहू शकते.

डेलमध्ये एफ-१२ आणि एचपीमध्ये एफ-२ दाबून कंपनीची स्वतःची हार्डवेअर चाचणी चालवता येते. ती डिस्कचीही तपासणी करते आणि बिघाड असल्यास सांकेतिक क्रमांक देते.

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि तिच्यातून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र ताबडतोब बंद करावे. आतल्या वाचणाऱ्या डोक्याला तबकडीवरची जागा नीट सापडत नसते आणि प्रत्येक नव्या प्रयत्नात माहितीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो. आतली माहिती मोलाची असेल तर ती डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी.

विंडोज सुरू होताना अडकते

इथे संयम फार उपयोगी पडतो. अपडेट चालू असताना टक्केवारी तासभर एकाच आकड्यावर थांबलेली दिसू शकते, आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. चार्जर लावून रात्रभर वाट पाहावी. अधेमध्ये वीज तोडणे हेच विंडोज बिघडण्याचे एक मोठे कारण आहे.

तरीही पुढे सरकत नसेल तर विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावर जायचे. लागोपाठ दोनदा सुरुवात फसली की विंडोज पुढच्या वेळी तो पडदा स्वतःहून दाखवते. म्हणून चिन्ह दिसल्यावर ठिपके फिरू लागले की पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करावे, असे दोनदा करावे आणि तिसऱ्यांदा त्याला सुरू होऊ द्यावे. ट्रबलशूट आणि त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडल्यावर जे पर्याय दिसतात, त्यांत पहिला स्टार्टअप रिपेअर. तो वापरण्यात धोका नाही. त्यानंतर बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स, आणि काही दिवसांपूर्वीच्या स्थितीवर परत जायचे असेल तर सिस्टिम रीस्टोर. आपल्या फायली या तिन्हींत जागेवरच राहतात. स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून ४ दाबल्यास सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टींनिशी चालणारे विंडोज, सुरू होतो, आणि ५ दाबल्यास इंटरनेटसह. सेफ मोडमध्ये लॅपटॉप नीट चालत असेल तर दोष नंतर टाकलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा किंवा अँटीव्हायरसचा आहे, आणि तो काढून टाकला की प्रश्न मिटतो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर येऊन पडली आणि पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. त्या बिघाडासाठी फॉरमॅटची गरज नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की ती सुरू होत होती. त्रुटीचा पडदा आला म्हणजे यंत्र मेले, असे मानणाऱ्यांसाठी याहून मोठे उदाहरण नाही. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा असतो. रंग कोणताही असो, त्यावरचा त्रुटीचा संकेत टिपून घ्यावा.

त्याच घटनेत अनेकांची खरी अडचण झाली ती बिटलॉकरची, आणि घरगुती लॅपटॉपवरही ती आता सर्रास येते. नवे लॅपटॉप डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. बायोस बदलला, बोर्ड बदलला किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर गेलो की यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) मागू शकते. लॅपटॉप घेताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली, त्या खात्यात ती साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून, पडद्यावर दिसणारा की आयडी जुळवून ती शोधावी. नोकरीचा लॅपटॉप असेल तर ती कंपनीच्या आयटी विभागाकडे असते. की मिळाली नाही तर आतली माहिती कोणताही दुकानदार काढून देऊ शकत नाही, म्हणून हा लेख वाचणाऱ्या आणि लॅपटॉप व्यवस्थित चालू असणाऱ्या प्रत्येकाने ती आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

फायली आधी, विंडोज नंतर

वरचे सगळे करूनही विंडोज उघडले नाही, तर नवे विंडोज टाकावे लागते. त्याआधी फायली काढून घेण्याचा एक सोपा मार्ग दुरुस्तीच्या त्याच पडद्यात आहे. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा, तिथे ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे, म्हणजे नोटपॅडची खिडकी उघडते. तिच्यातल्या फाइल मेनूतून ओपन निवडावे आणि खाली ‘ऑल फाइल्स’ करावे. आता समोर डिस्कवरचे सगळे फोल्डर दिसतात. युजर्समधले आपल्या नावाचे फोल्डर उघडून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांवर राइट क्लिक करून कॉपी करावे आणि त्याच खिडकीतून बाह्य डिस्कवर पेस्ट करावे. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, पण कॉपी चालू असते. डिस्कची अक्षरे इथे बदललेली असू शकतात, त्यामुळे ‘सी’मध्ये काही दिसले नाही तर ‘डी’, ‘ई’ पाहावे. डिस्क कमकुवत असल्याची शंका असेल तर चेकडिस्क (डिस्क तपासणारी विंडोजमधली सोय) चालवण्याआधी ही कॉपी व्हायलाच हवी, कारण चेकडिस्क संपूर्ण डिस्कवर ताण आणते.

नवे विंडोज टाकण्यासाठी दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवावे. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे यंत्रावर चालत असेल तर विंडोज ११ च टाकावे. दुकानातून ‘क्रॅक’ केलेले विंडोज टाकून घेऊ नये. मूळ परवाना बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपच्या बोर्डात नोंदलेला असतो आणि तीच आवृत्ती टाकल्यावर तो आपोआप ओळखला जातो.

दुरुस्तीला देताना

ठाण्यात नौपाडा आणि गोखले रस्त्याच्या परिसरात, वाशीत सेक्टर १७ मध्ये दुरुस्तीची दुकाने मिळतात. वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जावे, कारण बाहेर उघडलेल्या यंत्राची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. एसएसडी सहज निघत असेल आणि बिघाड वीजपुरवठ्याचा किंवा पडद्याचा असेल, तर ती काढून घरी ठेवूनच लॅपटॉप द्यावा. दुरुस्तीला तिची गरज नसते. ती निघत नसेल तर पावतीवर ‘डेटा पुसू नये, फॉरमॅटआधी विचारावे’ असे लिहून घ्यावे, शिवाय सिरीयल क्रमांक, रॅम किती, एसएसडी किती हेही नोंदवून घ्यावे. बोर्ड गेल्याचे सांगितले तर बोर्ड बदलण्याआधी चिप लेव्हल (बोर्डावरचा तेवढाच बिघडलेला भाग बदलण्याच्या) दुरुस्तीचा अंदाज दुसऱ्या एका दुकानातून घ्यावा, कारण पुष्कळदा वीजपुरवठ्याची एखादी आयसी, म्हणजे छोटी चिपच, गेलेली असते. बदललेला जुना भाग परत मागावा, आणि लॅपटॉप घरी नेण्याआधी तिथेच चार्जर काढून बॅटरीवर एकदा, चार्जर लावून एकदा, असा दोनदा पूर्ण बंद करून चालू करून पाहावा.